पिलाजीरावांचा डावा गुडघा

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी गारवा. वर्तमानपत्र उशिरा आले. मुळ्याची भाजी, भाकरी. दुपारी खालच्या मजल्यावरची कौशल्या आली, बस म्हटले तरी बसली नाही. तिच्या नवऱ्याच्या, पिलाजीरावांच्या, डाव्या पायाची करंगळी काळी पडली आहे, शेजारच्या बोटालाही तोच रंग चढतो आहे. त्यांचा मुलगा विक्रमसिंह गोरव्याच्या कारखान्यातून पाळी अर्धवट टाकून आला. त्यांच्याबरोबर मीही दवाखान्यात गेले. सर्जननी पाहून सांगितले, पाय काढावा लागेल. गुडघ्याच्या वरून. पिलाजीराव रात्री जेवले नाहीत, असे कौशल्या सांगून गेली.

पिलाजीरावांना ओळखणारी माणसे बडोद्याच्या कारेलीबागेत आणि नागरवाड्यात पुष्कळ आहेत, पण त्यांचे आडनाव फार थोड्यांना ठाऊक असेल. फेटेवाले पिलाजीराव, एवढे पुरते. गोरव्याच्या एका पंपाच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली, माल बांधण्याच्या खात्यात. ते पोटासाठी. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत तळमजल्याचे घर घेतले आणि बाहेरच्या खोलीत चटई अंथरून पूर्णवेळ फेट्यांचे काम सुरू केले.

त्यांची बसण्याची एक पद्धत आहे. उजवा पाय मुडपून खाली, डावे पाऊल जमिनीवर पक्के रोवलेले आणि वर आलेल्या डाव्या गुडघ्यावर घडी घातलेले जुने फडके. तो गुडघा हेच नवरदेवाचे डोके. कापडाचे एक टोक दातात धरायचे आणि दोन्ही हातांनी वेढे देत जायचे. डोके लहान असेल तर गुडघा थोडा खाली घेतात, मोठे असेल तर फडक्याची आणखी एक घडी. एकाने त्यांना लाकडी साचा आणून दिला होता. तो त्यांनी कौशल्याला लोणच्याच्या बरणीवर ठेवायला देऊन टाकला. म्हणाले, "लाकडावर बांधलेला फेटा माणसाच्या डोक्यावर पाहुण्यासारखा बसतो. केव्हा उठू, केव्हा उठू."

लग्नसराईत वरातीच्या फेट्यांसाठी गुजराती गिऱ्हाइके पुष्कळ येतात. दारातून विचारतात, "काका, जान माटे साफा मळशे?"

"साफा नाही मिळणार," पिलाजीराव मान वर न करता सांगतात. "फेटा मिळेल. नाव नीट घ्या, मग रंग सांगा."

गिऱ्हाईक हसते आणि फेटेच घेऊन जाते.

त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्या वस्तूंपैकी आता घरात एकच उरली आहे: पोटरीला गुंडाळायची खाकी लोकरी पट्टी. पूर्वीचे शिपाई बुटाच्या वरपासून गुडघ्यापर्यंत अशी पट्टी आवळून बांधत आणि मैलोन् मैल चालत. पिलाजीरावांच्या डाव्या पोटरीत चालताना गोळा येऊ लागला, तेव्हा त्यांना ही पट्टी आठवली. आधी ते दुखणे लपवायचे. फाटकाबाहेर भाजीच्या गाडीपाशी थांबून वांगी न्याहाळायचे, पुढे शिंप्याच्या दुकानाशी विडी पेटवून उगाच गप्पा. थांबले की गोळा उतरायचा. मग पुन्हा चालायचे. डॉक्टरकडे जा म्हटले की म्हणत, "पायात जोर आहे, नुसता ढिला पडलाय. आवळला की झाले."

तेव्हापासून रोज सकाळी कौशल्या त्यांच्या पायाशी बसून ती पट्टी बांधत असे. त्यांना वाकून बांधता येईना. ती घोट्यापासून सुरुवात करायची आणि ते वरून सांगायचे, "आवळ. अजून आवळ. भाकरी थापतेस का?" वर सैल पायजमा. आम्हां शेजाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. मला हे सगळे नंतर कळले, पण पुढचे समजावे म्हणून इथेच सांगते आहे.

बुधवारी विक्रमसिंह मला म्हणाला, "मावशी, आमच्या मशीन शॉपमध्ये एकाच्या वडिलांचा पाय असाच काढायला सांगितला होता. डॉक्टर हेरंब म्हणून आहेत, त्यांनी वाचवला. आबांना घेऊन जातो. तुम्ही चला. ते इंग्रजीत बोलले की माझी गाडी अडते."

हेरंब डॉक्टर चाळिशीचे असतील. मराठी माणूस, पण बडोद्यात वाढलेला, त्यामुळे एका वाक्यात दोन भाषा. त्यांनी पावलावर गार जेल लावून पेनसारखे एक यंत्र टेकवले. उजव्या पायावर ते यंत्र फस्-फस् असा लयीत आवाज करत होते. डाव्यावर टेकवले आणि खोलीत काहीच ऐकू आले नाही. डॉक्टरांनी यंत्र सरकवले, पुन्हा सरकवले. घोट्याच्या आतल्या बाजूला कुठेतरी अगदी क्षीण, लांबून आल्यासारखी कुजबुज ऐकू आली.

"एटलुं तो छे," ते स्वतःशीच म्हणाले, म्हणजे एवढे तरी आहे. मग नडगीवरच्या तिरप्या वळांवरून बोट फिरवून विचारले, "काका, हे कसले?"

"मोज्यांचे," पिलाजीराव म्हणाले.

कौशल्या खिडकीबाहेर पाहत राहिली. डॉक्टरांनी मान हलवली आणि आधीच्या दवाखान्यात काढलेले शिरांचे फोटो लावले.

फोटोत मांडीपासून निघालेली रक्तवाहिनी गुडघ्याच्या जरा वर येऊन संपत होती. मध्ये काही नाही. पोटरीच्या मध्यावर एक बारीक रेघ पुन्हा दिसत होती. डॉक्टरांनी सांगितले, मधल्या भागात आतून चुन्यासारखा कडक थर साचला आहे. बोट काळे पडले ते रक्त न पोचल्याने. गुडघ्याखालून पाय कापला तरी ती जखम भरायला रक्त हवे आणि ते तिथे नाही. म्हणून आधीच्या सर्जननी गुडघ्याच्या वरून सांगितले, त्यात त्यांची चूक नाही.

"मग जाळी घाला की," विक्रमसिंह म्हणाला. "हृदयात घालतात तशी."

"गुडघ्यामागे नाही घालत मी. हा भाग दिवसभर वाकतो. काका बसतात कसे?"

पिलाजीरावांनी खुर्चीतल्या खुर्चीत दाखवायचा प्रयत्न केला. कळ आली आणि थांबले.

"हां. असे बसले की आतली जाळी चेपते, मोडते. पुन्हा बंद." डॉक्टरांनी टेबलावरचा कागद गुंडाळून नळी केली. "आधी आत एक बारीक पाते नेऊन हा थर खरवडून काढायचा. मग औषध लावलेला फुगा नेऊन आत फुगवायचा, जरा वेळ धरून ठेवायचा. औषध भिंतीत उतरते आणि शीर पुन्हा लवकर आकसत नाही. फुगा बाहेर काढायचा. आत काही ठेवायचे नाही. थर न काढता नुसता फुगा फुगवला तर औषध त्या चुन्यालाच लागून बसेल, भिंतीपर्यंत जाणारच नाही."

विक्रमसिंह लेथवर काम करतो. त्याने लगेच विचारले, "आणि खरवडलेला चुरा?"

"काही यंत्र ओढून घेते. उरलेला अडवायला खाली छत्रीसारखी जाळी लावतो. तरी थोडा निसटू शकतो. पावलाकडे जाणारी एकच शीर उरली आहे. ती चुऱ्याने बुजली, किंवा मुळात तारच पलीकडे गेली नाही, तर मग आधीचे सर्जन म्हणाले तेच."

तेव्हा पिलाजीराव म्हणाले, "गुडघा जाणार असेल तर मला घरी न्या. खुर्चीत बसवून खिडकीपाशी ठेवायला मी काही कुंडी नाही."

"आबा, जीव मोठा की गुडघा?"

"तू तुझ्या लेथवर हात न लावता उभा राहा दिवसभर. मग मला विचार."

कौशल्या पहिल्यांदा बोलली. "डॉक्टर, तुमच्या घरचं माणूस असतं तर?"

"लगेच घेतलं असतं, मावशी. शुक्रवारी. त्या दिवसापर्यंत विडी बंद. आणि नंतर तर कायमची."

शुक्रवारी त्यांना भूल दिली नाही, उजव्या जांघेत सुई टोचायची जागा तेवढी बधिर केली. विक्रमसिंहाला काचेपलीकडे उभे राहायची परवानगी मिळाली आणि तो मला हाताला धरून घेऊन गेला. कौशल्या यायला तयार झाली नाही. ती बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

पडद्यावर पाय काळ्या-करड्या रंगात दिसत होता. तार मांडीतून सरळ खाली आली आणि गुडघ्याच्या वर थबकली. डॉक्टर ती मागे घेत, जरा वळवून पुन्हा पुढे नेत. प्रत्येक वेळी टोक त्याच जागी वाकत होते. आतून पिलाजीरावांचा आवाज आला, "डॉक्टर, कापडाला गाठ बसली की ओढायची नसते. दुसऱ्या टोकाकडून सोडवतात."

"काका, ए ज करुं छुं हवे. बोलू नका, पाय हलतो."

खरोखरच त्यांनी घोट्याजवळ सुई टोचली आणि दुसरी तार खालून वर चढवायला घेतली. दोन्ही तारांची टोके पडद्यावर एकमेकींच्या शेजारी आली, चुकली, पुढे गेली. परत आली. मग खालची तार एकाएकी वर मोकळ्या जागेत सरकली आणि आतल्या कोणीतरी "हां!" असे मोठ्याने म्हटले.

पुढचे काम सावकाश चालले. पाते खाली गेले, वर आले, पुन्हा गेले. मधून मधून पडद्यावर पांढरे दिसणारे औषध शिरेत सोडून पाहत. नव्हती तिथे आता एक दातेरी, ओबडधोबड पांढरी रेघ उमटली होती. मग फुगा गेला. तो फुगलेला असताना खालचे रक्त थांबते, पावलात कळ उठते. पिलाजीरावांनी दात आवळल्याचे काचेतून दिसत होते. दातात कापड नव्हते एवढेच.

फुगा काढला. औषध सोडले. गुडघ्यामागची शीर सरळ, रुंद दिसली. पण पोटरीच्या खाली पांढरी रेघ हळू हळू जात, मध्येच थांबल्यासारखी झाली. डॉक्टर वाकले. सिस्टरला भराभर काही सांगितले. विक्रमसिंह पुटपुटला, "चुरा गेला. मावशी, चुरा गेला खाली." त्याने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की बांगडी रुतली. डॉक्टरांनी एक बारीक नळी खाली नेली, बाहेर ओढून घेतली, फडक्यावर काहीतरी झटकले. पुन्हा नेली. पुन्हा औषध सोडले.

या वेळी रेघ घोटा ओलांडून पावलात गेली आणि तिथे झाडाच्या डहाळ्यांसारखी पसरली.

दुपारी पिलाजीराव खोलीत होते. सिस्टरने सांगून ठेवले होते, उजवा पाय सरळ, डावा पाय मोकळा. दर थोड्या वेळाने ती येऊन पावलावर यंत्र टेकवी आणि फस्-फस् आवाज येई. कोमट पाण्याच्या बाटलीला हात लावावा तसे पाऊल लागत होते. कौशल्या पुन्हा पुन्हा हात लावून पाही आणि लावलेला हात आपल्या गालाला लावी. संध्याकाळ होता होता विक्रमसिंह औषधे आणायला खाली गेला. मी डोळे मिटून खुर्चीत बसले होते. त्यातच माझा डोळा लागला असावा.

सिस्टर आली, तेव्हा मला जाग आली. पावलावरचे पांघरूण दुमडून तिने यंत्र टेकवले. आवाज नाही. तिने जेल पुन्हा लावले. आवाज नाही. पाऊल हातात घेऊन तिने पाहिले आणि तिचा चेहरा बदलला.

"बेन, ठंडो छे," असे मला म्हणून ती धावतच बाहेर गेली. बाहेरून तिचा फोनवरचा आवाज आला. टेबल तयार ठेवा, सर परत घेतील.

विक्रमसिंह दारात आला तेव्हा त्याच्या हातातली औषधांची पिशवी खाली पडली. "परत बंद झाली? एवढ्यात?" पिलाजीराव छताकडे पाहत होते. ओठ पांढरे. कौशल्या भिंतीला टेकून उभी. तिने पदराचे टोक तोंडात धरले होते.

हेरंब डॉक्टर जवळजवळ पळतच आले. आल्या आल्या त्यांनी पांघरूण पायावरून पूर्ण ओढून टाकले.

घोट्याच्या वरून गुडघ्यापर्यंत खाकी पट्टी होती. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर नीट बसवलेला, टोक आत खोचलेले.

डॉक्टरांनी काही न विचारता टोक शोधले आणि पट्टी सोडवायला लागले. घाईत ती गुंतली. तेव्हा कौशल्या पुढे झाली, त्यांचे हात बाजूला केले आणि स्वतः झरझर वेढे सोडले. पोटरीवर तेच तिरपे वळ होते.

"आई!" विक्रमसिंह ओरडला. "डोकं फिरलंय का तुझं? सकाळपासून आम्ही काचेला चिकटून उभे होतो, आणि तू पाय आवळून ठेवलास? तूच घालवलास पाय त्यांचा!"

"आवाज खाली," पिलाजीराव म्हणाले. आवाज त्यांचाच बसला होता. "तिला बोलायचं नाही. मी सांगितलं. पायात आग पेटल्यासारखा ठणका लागला होता. मला वाटलं, शीर फुटतेय. आवळला की थांबतो, रोजचा अनुभव. ती नको म्हणत होती."

"एकदाच म्हटलं," कौशल्या म्हणाली. "रोज मीच बांधते. आज त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग दुसऱ्यांदा म्हणवेना."

डॉक्टर यंत्र पावलावर धरून वाकले होते. "काका, तो ठणका म्हणजे उपाशी पायाला रक्त मिळाल्याचा. तो मला हवा होता." मग एकदम त्यांना फोटो लावले तो दिवस आठवला असावा. "मोज्यांचे वळ म्हणाला होतात! किती दिवस बांधता हे?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं! आत शीर बंद होत चालली होती आणि बाहेरून तुम्ही तिचा गळा धरला होता. बोट काळं पडणार नाही तर काय? मला सांगायचं नाही?"

"हसला असता तुम्ही," पिलाजीराव म्हणाले. "आजोबांची पट्टी आहे. त्यांना मानवली ती."

"त्यांचे पाय धडधाकट होते, काका. सुजू नये म्हणून बांधायचे ते."

यंत्रातून अजून आवाज नव्हता. सिस्टरने दारात येऊन सांगितले, टेबल तयार आहे. डॉक्टरांनी हात वर करून तिला थांबवले. त्यांनी पाऊल थोडे खाली सोडले, आपल्या दोन्ही तळव्यांत धरले. कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी मोठ्याने चहाची विचारपूस करत होते. विक्रमसिंह खाली बसून पडलेली औषधे गोळा करू लागला, पण तीच पाकिटे तो पुन्हा पुन्हा उचलत होता.

डॉक्टरांनी यंत्र परत टेकवले. खरखर आली. खरखरीत मधूनच एक ठोका. मग पुन्हा काही नाही. मग ठोका, ठोका. मग फस्-फस्.

कौशल्या जमिनीवर बसली.

डॉक्टरांनी आणखी बराच वेळ यंत्र काढले नाही. आवाज कमी होत नाही याची खात्री झाल्यावर सरळ उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. "काका, तमारे पगे पडुं. हा पाय उघडा ठेवा. जरा वेळाने सापडलं असतं तर आत गाठ धरली असती आणि मग माझ्या हातात काही नव्हतं. दुखलं तर मला शिव्या द्या, पण आवळू नका."

"शिव्या चालतील?"

"गुजरातीत द्या. सिस्टरलाही समजतील."

पिलाजीराव हसले नाहीत. त्यांनी मान वळवून कौशल्याला हाक मारली. "अगं, ऊठ. फरशी गार आहे."

ती रात्र विक्रमसिंह बिछान्यापाशी बसून होता. आईशी तो बोलला नाही. सकाळी मात्र त्याने चहाचे दोन कप आणले आणि एक तिच्यापुढे ठेवला. "घे. साखर कमी आहे," एवढेच म्हणाला. तिने तो घेतला.

काळी करंगळी वाचली नाही. पुढच्या आठवड्यात ती काढावी लागली. शेजारच्या बोटाचा रंग जांभळा झाला, मग मळकट तांबूस, आणि तिथेच थांबला. डॉक्टरांनी बजावले, हे कायमचे नाही. शीर पुन्हा आकसू शकते. गोळ्या चुकवायच्या नाहीत, चालायचे, दाखवायला यायचे आणि विडीचे नाव काढायचे नाही. या मधल्या दिवसांत फेट्याची गिऱ्हाइके आली ती कौशल्याने दारातूनच परत पाठवली. कोणी विचारले, परत केव्हा, तर ती म्हणे, "विचारू नका."

गुरुवारी, चार डिसेंबरला, आम्ही तपासणीला गेलो. जखम ओली होती पण कडेने लाल, जिवंत मांस दिसत होते. डॉक्टरांनी ते पाहून समाधानाचा हुंकार दिला आणि म्हणाले, "काका, गुडघा वाकवून बघू. सावकाश."

पिलाजीराव तपासणीच्या खाटेवर बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरली आणि डावे पाऊल मागे ओढत आणले. टाच खाटेला टेकली. गुडघा वर आला, पूर्वी येई त्याहून थोडा कमी. त्यांनी तिथेच थांबून वाट पाहिली, पोटरीत गोळा येतो का म्हणून. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

"दुखतंय?" विक्रमसिंहाने विचारले.

"बोटाची जागा दुखते. पोटरी नाही."

डॉक्टरांनी वाकलेल्या पायाच्या घोट्यापाशी यंत्र टेकवले. आवाज आला.

"जखम भरेपर्यंत जमिनीवर बसायचं नाही," ते म्हणाले. "मग बसा."

पिलाजीरावांनी पाय सरळ केला नाही. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले, तरी ते तसेच बसून होते. शेवटी कौशल्या म्हणाली, "अहो, उतरा आता. लोक खोळंबलेत बाहेर."

घरी यायला संध्याकाळ झाली. माझ्या रोजनिशीत त्या दिवशीच्या नोंदीत शेवटी हे लिहिले आहे: गोधड्या उन्हातून काढून घड्या घातल्या. निळ्या गोधडीला कसर लागली आहे.